मुस्तीला इंग्रजी येत नाही

हॉटन, मिशिगन
फेब्रुवारी २००७

प्रिय यशोधन,

आज आमचं विद्यापीठ बंद आहे. सनीव्हेलच्या उन्हात बसून वाचताना तुला यात काही विशेष वाटणार नाही, पण इथल्या माणसांना विचारून बघ. हॉटनमध्ये बर्फ पडला म्हणून कुणी काही बंद ठेवत नाही. गुडघाभर पडला तरी पोरं वर्गात येतात, बूट दाराशी आपटतात आणि प्रोफेसर मागल्या पानावरून पुढे सुरू करतात. पण कालपासून लेक सुपिरियरवरून असा वारा सुटलाय, की शेजारी राहणाऱ्या रेचं घर मधूनच नाहीसं होतं आणि थोड्या वेळाने पुन्हा जागेवर येतं. वीज सकाळीच गेली. लॅपटॉपची बॅटरी त्यानंतर. म्हणून हा कागद, आणि म्हणून हे अक्षर. मोजे घातलेल्या हाताने याहून बरं येत नाही. मुस्ती माझ्या पायांवर झोपलाय. त्यामुळे पाय गरम आहेत, आणि उठायचीही सोय नाही.

रविवारी तू फोनवर शेवटी विचारलंस, "आणि कुत्रा कसा आहे?" मी म्हटलं, "बरा आहे." तू "गुड" म्हणालास. त्यात काही चुकीचं नव्हतं, पण फोन ठेवल्यावर मला वाटलं, की हा माणूस दर आठवड्याला न चुकता विचारतो आणि मी दर आठवड्याला त्याला एका शब्दावर परत पाठवते. हा हिवाळा मी ज्याच्याबरोबर काढला त्याच्याविषयी तुला काहीच ठाऊक नाही. आज वेळ आहे, तर नीट सांगते.

या घरात मी गेल्या ऑगस्टमध्ये आले, आपण पुण्यात भेटलो त्यानंतर लगेच. त्याआधी मी आणि कांचन एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. कांचन म्हणजे ती अकोल्याची, जिचा फोनवरचा आवाज ऐकून तू विचारलं होतंस की मागे कोण भांडतंय. तिला ट्रॉयला गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली, ती गेली, आणि मी एकटीला परवडेल अशी खोली शोधताना मिसेस निएमींच्या घरी पोचले. त्या मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मला हेल्मी म्हण." ऐंशीच्या पुढच्या बाईला मी नुसतं हेल्मी कसं म्हणणार? मग मी मनात हेल्मीआजी म्हणायचे आणि तोंडाने हेल्मी. वरच्या मजल्यावर माझी खोली, खाली त्या आणि त्यांचा म्हातारा काळा कुत्रा. तोंड पांढरं झालेलं, डोळ्यांवर निळसर साय, मागचे पाय उतारावरून उतरणाऱ्या माणसासारखे जरा फेंगडे. मी सांगलीची. माझ्या लेखी कुत्रा म्हणजे स्कूटीमागे भुंकत धावणारा प्राणी, त्यामुळे मी जिन्यावरून उतरताना त्याच्याकडे बघायचे नाही. तोही माझ्याकडे बघायचा नाही. आमचं छान चाललं होतं.

नोव्हेंबरात पहिला जोरदार बर्फ झाला त्या सकाळी तो खाली एकसारखा भुंकत होता. मला वाटलं, बर्फ ढकलणाऱ्या गाडीवर भुंकतोय. मी तणतणत खाली गेले तर मागचं दार सताड उघडं, आणि पायऱ्यांखाली हेल्मी पडलेली. हातात पक्ष्यांना घालायच्या दाण्यांचा डबा तसाच होता, एकही दाणा सांडला नव्हता. खुब्याचं हाड मोडलं होतं. मुस्ती तिच्या अंगाला लागून बसला होता आणि मी जवळ गेले तेव्हा प्रथमच माझ्याकडे बघून गप्प झाला, जणू त्याचं काम झालं. अँब्युलन्समध्ये चढवताना हेल्मीने माझा हात धरला. मला वाटलं, मुलीचा नंबर सांगतेय. ती म्हणाली, "ही डझन्ट स्पीक इंग्लिश." तेवढंच. दुखण्याने भ्रमिष्टासारखं बोलतेय असं समजून मी "येस, येस" म्हटलं.

मग घरात मी आणि तो. त्याने खायचं सोडलं. दाराकडे तोंड करून पडून राहायचा. मी "कम, मुस्ती" म्हणायचे, "सिट" म्हणायचे, टीव्हीतल्या लोकांसारखं "गुड बॉय" म्हणायचे. कान हलायचा नाही. मला वाटलं, ठार बहिरा आहे. पण माझा स्वभाव तुला अजून माहीत नसेल: मला नुसतं वाटून चालत नाही. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून कुकरचं झाकण फरशीवर टाकलं. तो ताडकन उठला. मग टाळी वाजवून बघितली, मग नुसती चुटकी, मग मोज्यातल्या मोज्यात बोटं घासली. चुटकीपर्यंत ऐकू येत होतं. म्हणजे आवाज पोचत होता, माझं बोलणं पोचत नव्हतं. एवढा विचार झाला आणि मला अँब्युलन्समधलं वाक्य आठवलं.

हॉस्पिटलमध्ये हेल्मीला विचारलं तेव्हा ती इतकी हसली, की नर्स आत डोकावली. तिचा नवरा, आर्वो, दहा वर्षांपूर्वी वारला. काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. त्याचे आईवडील फिनलंडहून आलेले. घरात फिनिशच बोलायचे. हा शाळेत गेला तेव्हा फिनिश बोलला म्हणून पट्टीचा मार बसायचा. तो मार त्याच्या डोक्यात इतका बसला, की स्वतःच्या मुलीशी तो जन्मभर इंग्रजीतच बोलला, तेही मोजकं. पण म्हातारपणी कुणी तरी हे काळं पिल्लू आणून दिलं आणि त्याच्याशी मात्र तो पहिल्या दिवसापासून फिनिशमध्ये बोलायला लागला. हेल्मी म्हणाली, "मी स्वयंपाकघरातून ऐकायची. इतकं बोलणारा माणूस माझ्या घरात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं." आर्वो गेल्यावर कुत्र्यासाठी तिनेही तीच भाषा चालू ठेवली. तिने मला शब्द शिकवले. 'तुले' म्हणजे ये. 'इस्तु' म्हणजे बस. 'उलोस' म्हणजे बाहेर. 'हुवॅ पोइका' म्हणजे शहाणा मुलगा. मी ते हातावर पेनने देवनागरीत लिहून घेतले. कांचनला फोनवर सांगितलं तर ती ओरडली, "अगं, 'तुले' तर आमचं वऱ्हाडी आहे! 'तुले काय पाह्यजे', असं विचार त्याले!"

घरी आले, बूटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिले आणि म्हटलं, "मुस्ती, तुले." यशोधन, तो उठला. मान एका बाजूला कलली, साय आलेले डोळे मला शोधायला लागले, आणि त्या फेंगड्या पायांनी तो फरशीवर टकटक करत आला आणि माझ्या कोटात तोंड खुपसलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. कानामागचे केस इतके मऊ असतात हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला त्याच्याबद्दल जे कुतूहल लागलं ते काही केल्या संपेना. थिसिस आहे थंडीत काँक्रीटला तडे का जातात यावर, आणि मी बघत बसायचे, की हा बाहेर गेल्यावर आधी कुठला पाय उचलतो. बोटांच्या फटीत बर्फाचे गोळे होतात आणि ते त्याला टोचतात. मी हातात धरून ते वितळवायला शिकले. डब्यातलं खाणं तो नुसतं हुंगतो, पण मऊ भातावर चिकनचं पाणी घातलं की ताटली सरकत भिंतीपर्यंत जाते. वरण-भातही चालतो. हिंग मात्र नाही, शिंकतो. दिसत कमी असलं तरी घरात कुठे धडकत नाही. पण मी खुर्ची हलवली की नेमका तिच्यावर आपटतो, म्हणजे तो डोळ्यांनी चालत नसून आठवणीने चालतो. हे कळल्यावर मी घरातली एकही वस्तू हलवली नाही.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. अंगणाच्या मागल्या टोकाला एक लाकडी झोपडी आहे, तिला जायची वाट बर्फाने बुजलेली. कधीमधी दुपारनंतर मुस्ती त्या झोपडीच्या अलीकडे जाऊन उभा राहायचा आणि नाक वर करून तासभर हलायचा नाही. इतर दिवशी तिकडे फिरकायचाही नाही. तिथं खाली काही पुरलंय का? एखादा गरम पाइप जातो का? मी चक्क लॅबमधून तापमान मोजायची तार आणून त्या जागी बर्फात खुपसून ठेवली. रे खिडकीतून बघत होता. त्याला वाटलं, भारतीय मुलगी काही तरी पूजा करतेय. जमीन काही गरम नव्हती. मग माझ्या लक्षात आलं, की तो दिवस नेहमी शनिवार असतो. कुत्र्याला शनिवार कसा कळतो? हा प्रश्न घेऊन मी प्रयोगशाळेत हिंडत होते आणि लोक मला टाळत होते.

उत्तर रेकडे होतं, आणि तेही त्याला माहीत नव्हतं. मी त्याला विचारलं, "शनिवारी दुपारी इथं काय होतं?" तो म्हणाला, "काहीच नाही. मी साऊना पेटवतो." साऊना म्हणजे गरम वाफेने अंग शेकायची लाकडी खोली, आणि इथल्या फिनिश घरांत ती शनिवारी पेटतेच. रे बर्चची लाकडं जाळतो. वाऱ्यावर तो धूर आमच्या अंगणात येतो, आणि ती झोपडी म्हणजे आर्वोची साऊना होती, तो गेल्यापासून बंद. हेल्मीला विचारलं तर ती म्हणाली, आर्वो साऊनातून बाहेर आला की निखाऱ्यावर भाजलेल्या सॉसेजचा तुकडा मुस्तीला द्यायचा. दहा वर्षं झाली, यशोधन. धूर आला की हा जाऊन उभा राहतो.

पुढल्या शनिवारी मी आणि रेने मिळून त्या झोपडीचं दार मोकळं केलं. आत पक्ष्यांची जुनी घरटी, कोळिष्टकं, लाकडाचा काळपट वास. रेने धुराडं साफ करून शेगडी पेटवली आणि मला बजावलं, "तापल्या दगडांवर जास्त पाणी टाकू नकोस, वाफेने भाजून निघशील." मी बाहेर सॉसेज भाजले. मी कधी खात नाही ते, हात लावतानाही तोंड वाकडं होत होतं. मुस्ती त्याच्या जागी उभा होताच. त्याला आधी काय झालं ते कळेना. धूर नेहमीच्या बाजूने येत नव्हता, समोरून येत होता. मग तो चालत आला, उंबऱ्यावर पुढचे पाय ठेवले, आणि आत जाऊन खालच्या बाकाखाली असा आडवा झाला, की जणू कालच तिथून उठला होता. मी तिथंच बसले. मला रडूही येत होतं आणि घामही, त्यामुळे रेला काही कळलं नाही.

हे सगळं गोड गोड वाटेल, पण तसं नाही. जानेवारीत त्याचे मागचे पाय आणखी गेले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मूत्रपिंडंही थकली आहेत. उन्हाळा बघेल, कदाचित नाही बघणार. अजून त्याला दुखत नाहीये, तो तुमच्यामागे हिंडतोय, तोवर हिंडू दे." मी मागच्या पायऱ्यांवर प्लायवूडचा उतार केला. पहिला उतार त्याच्या वजनाने नव्हे, माझ्याच वजनाने मोडला. दुसऱ्यावर रंगात वाळू मिसळून लावली, पाय घसरू नयेत म्हणून. काँक्रीट शिकल्याचा तेवढा उपयोग.

आणि मग तो मंगळवार, ज्याबद्दल मी तुला आणि घरी कुणालाच बोलले नाही. दुपारी त्याला बाहेर सोडलं, कुकर उतरवायला आत आले, आणि परत दारात गेले तर समोर पांढरं. असा वारा, की माझा स्वतःचा हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. मुस्ती नव्हता. मी कोट घातला, कुंपणाला धरून निघाले आणि ओरडत सुटले, "तुले! मुस्ती, तुले!" वारा शब्द तोंडातूनच काढून नेत होता. झोपडीपाशी नाही, लाकडांच्या ढिगापाशी नाही. त्या वेळी मला एकच कळत होतं, की हेल्मीने तो माझ्या भरवशावर ठेवलाय आणि मी भातासाठी आत गेले. फिनिश शब्द आठवेनासे झाले. मी आपली आई मला हाक मारते तशी ओरडायला लागले, "मुस्ती, अरे कुठे आहेस रे बाळा, ओ दे ना रे!" आणि उजवीकडून, अगदी जवळून, घोगरं भुंकणं आलं. बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतून तो बसला होता, मागचे पाय मेलेले. त्याने माझं मराठी ओळखलं की नेमका तेव्हा वारा पडला, मला सांगता येणार नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये असं मी स्वतः पोरांना शिकवते. इथं बर्फ काढायला एक मोठं घमेल्यासारखं फावडं असतं, घसरगाडीसारखं ढकलायचं. मी त्याला त्यात कसाबसा लोटला आणि ढकलत आणला. वाटेत तो उठून बसला आणि नाक वर करून वास घ्यायला लागला, वरातीतल्या नवरदेवासारखा. घरात आणून त्याला टॉवेलने पुसलं, आणि मग मी त्याच्याच अंगावर पडून राहिले.

गेल्या आठवड्यात हेल्मीच्या मुलीचा फोन आला. लिंडा, फिनिक्सला असते, शाळेत शिकवते. हेल्मी आता घरी परतणार नाही. तिला म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहात जागा मिळाली आहे, तिथं कुत्रा भेटायला आणता येतो, ठेवता येत नाही. उन्हाळ्यात घर विकायचं. लिंडा चांगली आहे, आडवळणाने बोलली नाही. म्हणाली, "तो फार म्हातारा झालाय, तुझ्यावर भार नको. डॉक्टरांना सांगून त्याला शांतपणे जाऊ देऊ या. मी तिथं येईन." मग तिने विचारलं, "त्याला अजून बाबांचे शब्द कळतात?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला म्हणून दाखवतेस?" मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि म्हटलं, "मुस्ती, तुले. इस्तु. हुवॅ पोइका." तो आला, बसला, शेपटी फरशीवर आपटली. तो आवाज तिला ऐकू गेला असणार. ती म्हणाली, "मी हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कुत्र्याशी ते असं बोलायचे हे मला आईने नंतर सांगितलं." सांगलीच्या मुलीने तिला तिच्या बापाची भाषा ऐकवली, मला फार अवघडल्यासारखं झालं, आणि अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी मी मुस्तीला घेऊन त्या वसतिगृहात हेल्मीकडे गेले. त्याने तिच्या पलंगावर हनुवटी टेकवली, ती फिनिशमध्ये त्याच्याशी कायकाय बोलली, मला त्यातले दोनच शब्द कळले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला हवा असेल तर तो तुझा. नको असेल तर स्पष्ट सांग, मी तुझ्यावर रागावणार नाही. मी ठरवीन काय ते." मी लगेच म्हटलं, "माझा." हेल्मीने मान हलवली, एवढंच. गाडी चालवत परत येताना मला एकदम जाणवलं, की मी कुणालाच विचारलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, तुला नाही. कॉलेज, ब्रँच, अमेरिका, प्रत्येक वेळी मी घरी विचारून पाऊल टाकलं. तुझं स्थळ मालिनीमावशीने आणलं तेव्हाही बाबांनी पत्रिका बघितली, आईने फोटो बघितला आणि मग मी बघितला. हे एकच माझं आहे. आणि ते घेताना मला जराही भीती वाटली नाही, याचं मला अजून नवल वाटतंय.

यशोधन, आपण दोनदा भेटलो. एकदा मालिनीमावशीकडे, सगळ्यांच्या देखत, जिथं तू पोह्यांचं कौतुक केलंस आणि मी ते केले नव्हते. दुसऱ्यांदा त्या कॉफीच्या दुकानात, जिथं मी तुला छंद विचारले आणि तू मला पाच वर्षांनी कुठे असशील ते विचारलंस. दोघांनी चांगली उत्तरं दिली. कुठल्याही कंपनीने आपल्याला घेतलं असतं. तुझी उंची, रक्तगट, नाडी, गोत्र मला ठाऊक आहे. तू रोज ट्रेनमध्ये वाचतोस हे ठाऊक आहे, काय वाचतोस ते नाही. घसरून पडलास तर हसतोस की आजूबाजूला बघतोस? भूक लागली की चिडतोस का? घरात एकटा असताना गुणगुणतोस का? आजारी माणसाजवळ तुला बसवतं का? तुला वैतागून विचारत नाहीये, मला खरोखर जाणून घ्यायचंय. एका म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल मला तुझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, आणि ती कुणी सांगितली म्हणून नव्हे, त्याच्याबरोबर राहिले म्हणून.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. बुधवारी तुझी मेल आली, "मे महिन्याची तिकिटं बुक करू का? साखरपुड्यासाठी आई हॉल बघतेय." मी उत्तर दिलं नाही आणि रविवारी फोनवर विषय निघाला तेव्हा बर्फाबद्दल बोलत राहिले. उत्तर असं आहे, की मी मेमध्ये येऊ शकत नाही. तेव्हा मुस्ती असेल तर त्याला सोडून यायचं नाही, आणि नसेल तर त्याच्या जाण्यानंतर आठवड्याभरात जरीची साडी नेसून फोटो काढायचे नाहीत. हा नकार नाही. तुझ्या आईंना काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. माझ्या आईला मी आज संध्याकाळी सांगणार आहे, वीज आली तर. पण त्याआधी तुला एक विचारते, आणि हे मी कुणाला विचारून लिहीत नाहीये. मार्चमध्ये तू आठवडाभर इथं ये. विमान शिकागोहून येतं, वारा नसेल तर. रेने त्याच्या घरची एक खोली द्यायचं कबूल केलंय आणि तुझ्या मापाचे बूटही. तुला बर्फ काढावा लागेल, मुस्तीच्या पायांतले गोळे वितळवावे लागतील, माझ्या हातचा रोजचा वरण-भात खावा लागेल आणि मी सकाळी सकाळी फार चिडकी असते तेही सोसावं लागेल. येताना एकच शब्द पाठ करून ये: तुले. तो आला तर आला. नाही आला तर वाईट वाटून घेऊ नकोस, पुन्हा म्हण. तू आलास की काय होईल ते मला अजिबात माहीत नाही, आणि गेल्या सहा महिन्यांत तुझ्या बाबतीत मला प्रथमच इतकी उत्सुकता वाटतेय.

'तुझीच' असं इथं लिहितात. ते मी मार्चनंतर लिहीन, किंवा नाही लिहिणार. आज खरं तेवढंच लिहिते,

तुझी वाट बघणारी,
चैत्राली